कांदा चिरायच्या आधी

आमच्या घरात रोज सकाळी टोपलीभर कांदा चिरला जायचा. सासूबाईंची खानावळ होती ना. लालबागच्या चाळीत तळमजल्याची एकच खोली. तिच्यातच मोरी, तिच्यातच माळा, तिच्यातच आम्ही राहायचो, आणि गिरणीत कामाला असलेली आमच्या गावाकडची माणसं तिच्यातच पाळीपाळीने जेवून जायची. पहिल्या पाळीची उठली की दुसऱ्या पाळीची बसायची. आणि आमच्या कोकणातल्या जेवणात कसलंही वाटप म्हटलं की आधी कांदा चिरा, भाजा, खोबरं भाजा, मग पाट्यावर बसा. कांद्याशिवाय खानावळ चालवायची म्हणजे सुताशिवाय गिरणी चालवायची.

तर अशा घरात माझी लेक कांद्याला घाबरायची. हसू नका. आमच्याकडे जेवायला येणारेही आधी हसलेच होते.

ते छप्पन साल. मुंबईसह महाराष्ट्र पाहिजे म्हणून सगळी वस्ती पेटलेली. आमचे हे आणि खानावळीतली निम्मी माणसं रोज कुठल्या ना कुठल्या मोर्चात. घरात बोलणं तेच, ताटावर बसल्यावर वाद तोच. अश्रुधूर काय असतो हे मला त्या माणसांनीच शिकवलं होतं. कुणीतरी सांगितलं, कांदा फोडून ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि नाकाशी धरायचा, म्हणजे धूर झोंबत नाही. खरं-खोटं देव जाणे. तेव्हा सगळी चाळ तसंच मानायची. उंबऱ्याशी पाण्याची बादली आणि कोनाड्यात कांदे, अशी तयारी प्रत्येक खोलीत असायची.

एके दिवशी सकाळी रस्त्यावर घोषणा सुरू झाल्या. सासूबाई शिवडीला सुकी मासळी आणायला गेल्या होत्या, हे कामावर. घरात मी एकोणीस वर्षांची आणि लेक जेमतेम दीड वर्षाची. आधी धावाधाव ऐकू आली, मग दारं लावल्याचे आवाज, आणि एक नळकांडं फुसफुसत आमच्या चाळीच्या बोळातच येऊन पडलं. दार लावलं तरी फटीतून धूर आत आला. डोळ्यांत तिखट घातल्यासारखं झालं. मी कांदा विळीवर फोडला, ओल्या पंचात गुंडाळला आणि लेकीच्या नाकातोंडाशी धरला. ती हातपाय झाडायला लागली. मला वाटलं, धुराने झाडतेय. मी अजून घट्ट धरला. बाहेर गोळ्या सुटल्याचे आवाज येत होते, आणि मी मोरीत बसून पोरीचं डोकं छातीशी दाबून, कांदा नाकाशी दाबून, देवाचं नाव घेत होते. आणि मग तिची झाडाझाड थांबली.

पंचा काढला तर ओठ निळे.

मी पाठीवर थापटलं, पाणी मारलं, कशी कोण जाणे तिने मोठ्याने ओढून श्वास घेतला आणि टाहो फोडला. त्या टाहोइतकं गोड मी आयुष्यात दुसरं काही ऐकलं नाही. दोन दिवसांत पोर खेळायला लागली. त्या दिवसांत आमच्या भागातल्या कित्येक घरांतली माणसं गेली ती गेलीच. त्यांच्या मानाने माझं काय झालं? काहीच नाही. म्हणून मी कुणाकडे काही बोलले नाही. सासूबाईंना एवढंच सांगितलं, धूर आला होता, आम्ही मोरीत बसलो.

पण त्यानंतर घरात कांदा फुटला की पोर ताठ व्हायची. श्वास धरून ठेवायची, डोळे मोठे करायची आणि मग असा आकांत की जेवणारी माणसं ताटावरून उठायची.

सासूबाईंनी आधी नजर काढली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांच्या धुराचा खाट खोलीभर झाला, तशी पोर दुप्पट किंचाळली. सासूबाई खोकत म्हणाल्या, "बघ गो, केवढी नजर लागलेली!" मग गावच्या देवाला गाऱ्हाणं घालून झालं. अंगारा लावून झाला. परळच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि मोठी झाली की जाईल म्हणाले. मोठी होईपर्यंत खानावळीने काय करायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आषाढ आला, तसं सासूबाईंना सुचलं. चातुर्मास. आमच्या घरात तोवर कुणी चातुर्मास पाळला नव्हता. पण एकादशीच्या दुसऱ्या दिवशी बांगड्याचं कालवण वाढून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आजपासून चार म्हयने हयसर कांदो बंद. माझो नेम आसा."

सगळ्यांचे घास हातात. आमच्याकडे जेवणाऱ्यांत सगळ्यात जुने एक काका होते, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे, जीभ कात्रीसारखी. ते म्हणाले, "मावशी, मासो चलता आणि कांदो चलत नाय? ह्यो खयचो धर्म?"

"माझो. जेवचा आसात तर जेवा, नायतर रस्त्यापलीकडे इराणी आसा."

काका मुकाट जेवले. पण रोज काही ना काही टोमणा असायचाच. "वहिनी, आमटीत कांदा लपलाय का, पोलीस लावून बघू?" मी हसायचे. खोबऱ्याचं वाटप, तिरफळ, लसूण यांवर सासूबाईंनी चार महिने निभावलं. दोघं-तिघं दुसरीकडे जेवायला गेली, बाकीची टिकली. आणि माझी लेक त्या चार महिन्यांत फुलली. माणसांच्या पंगतीतून फिरायची, काकांच्या ताटातला भात खायची. मीही हलकी झाले होते. सकाळी उठताना छातीवर धोंडा नसायचा. मला वाटलं, विसरली पोर.

कार्तिकी एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी टोपली भरून कांदा आला. मी विळी घेतली, पहिला कांदा उचलला, आणि पोर ताठ. श्वास बंद, डोळे मोठे. जसं काही चार महिने मधे गेलेच नव्हते.

इथे जरा थांबते. म्हातारपणी मला वाचायचा नाद लागला. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं दादरच्या एका वाचनालयातून. तिथेच एकदा मेंदूवर व्याख्यान होतं. मी पुढच्या रांगेत जाऊन बसले. व्याख्यान देणारे डॉक्टर चांगले समजावून सांगत होते. म्हणाले, मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. भीती शिकायचं काम त्याचं. तो फार हुशार विद्यार्थी, एकदाच शिकवलं तरी पुरतं. त्याच्याजवळच समुद्रघोड्यासारखा वळलेला दुसरा भाग, हिप्पोकॅम्पस. कुठे घडलं, कधी घडलं, कोण होतं, ही हकिगत तो सांभाळतो. पण अगदी लहान मुलांत हा समुद्रघोडा अजून कच्चा असतो. त्यामुळे हकिगत राहत नाही. भीती मात्र राहते.

तेव्हा मला दिसलं. माझ्या लेकीला मोरी आठवत नाही, धूर आठवत नाही, पंचा आठवत नाही. आजही आठवत नाही, मी विचारून पाहिलंय. तिच्याकडे नुसती भीती होती, बिनागोष्टीची. गोष्ट सगळी माझ्याकडे.

आणि डॉक्टर पुढे म्हणाले, भीती पुसली जात नाही. माणूस सावरतो तेव्हा कपाळामागचा मेंदू त्या बदामाला दाबून धरायला शिकतो, इतकंच. जुनं शिकलेलं खाली तसंच असतं. म्हणजे आमचा चातुर्मास म्हणजे भिंतीला चुना मारणं होतं हो. ओल आत तशीच.

पण सगळ्यात शेवटी ते जे म्हणाले ना, त्यासाठी मला व्याख्यानाची गरज नव्हती. ते मला सासूबाईंनी छप्पन सालीच सांगितलं होतं. तेच आता सांगते.

कार्तिकीनंतर खानावळ परत चातुर्मासात जाणं शक्य नव्हतं. जेवणारी आणखी दोघं सोडून गेली होती. आमचे हे एके दिवशी म्हणाले, "पोरगीला तुझ्या माहेरी ठेवू. मोकळी हवा, भरपूर मासे. शाळेत घालायची वेळ आली की आणू."

"म्हणजे चार वर्षं?"

"मग काय करायचं? आईचा धंदा बंद करायचा?"

धंद्यावरच घर चालत होतं. संपाच्या, मोर्चांच्या दिवसांत ह्यांच्या पगाराचा काय भरवसा? माझ्या भावाला कळवलं. तो पौषात मुंबईला येणार होता. परत जाताना बोटीने पोरीला घेऊन जायचं ठरलं. मी तिची झबली धुऊन ठेवायला लागले आणि मोरीत तोंड खाली घालून रडायला लागले, त्याच मोरीत.

त्या दिवसांत माझी एक मैत्रीण होती, डिलाईल रोडच्या चाळीत राहायची. गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. त्याच महिन्यात त्यांच्या घराने बौद्ध धर्म घेतला होता, आणि ती घरातली जुनी देवादिकांची चित्रं उतरवून भिंत नव्याने रंगवत होती. एका दुपारी मी लेकीला तिच्याकडे ठेवून रेशनच्या रांगेला गेले. परत आले तर मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझी पोरगी तर माझ्याकडे भाकरीबरोबर कांदा मागून खाते की!"

"कुणाची?"

"तुझी! मी बुक्कीने फोडला, हिने हात पुढे केला. तिखट लागला तशी जीभ बाहेर काढून नाचली. आणखी दे म्हणते."

माझा विश्वास बसेना. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आपली खोलीच वाईट. मोरी इथेच, बोळ इथेच. म्हणून मी दुसऱ्या दिवशी कांदा आणि विळी घेऊन गॅलरीच्या पार टोकाला गेले, लेकीला बरोबर नेलं. तिथेही तेच. ताठ. मग चाळीच्या मागच्या अंगणात. तिथेही तेच. शेजारणी म्हणायला लागल्या, ही बाई पोरीला घेऊन कांद्याची यात्रा काढते.

दोन दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "जा, काकांका निरोप देऊन ये, उद्या जेवण उशिरा होतला." काकांची खोली पलीकडच्या चाळीत. मी गेले, निरोप दिला. काका म्हणाले, "वहिनी, मावशी आता कसला उपास काढतायत?" मी हसून परत फिरले. आमचं दार अर्धं उघडं होतं. बाहेरच थबकले, कारण आतून कांद्याचा वास येत होता आणि रडणं ऐकू येत नव्हतं.

सासूबाई विळीवर बसल्या होत्या. पुढ्यात चिरलेल्या कांद्याचा ढीग. लेक त्यांच्या मांडीला टेकून सालं गोळा करत होती. एक साल डोक्यावर ठेवलं, खाली पडलं, परत ठेवलं. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या कांद्याच्या आयमायचा उद्धार करत होत्या. पोर खिदळत होती.

मी आनंदाने आत गेले. खरंच आनंदाने. पण लेकीने वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग कांद्याकडे, मग परत माझ्याकडे. तिच्या हातातलं साल तसंच राहिलं. श्वास थांबला.

सासूबाईंनी तिला उचलून खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली. ती रडून शांत झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चेडू कांद्याक भियत नाय गो. तुझ्या तोंडाक भियता."

"माझ्या? मी काय केलं?"

"तू काय करतंस तां तुका दिसत नाय. कांदो हातात घेतंस आणि आधी तिच्याकडे बघतंस. जसा काय आताच मरतला पोर. तां तुझ्याकडे बघता, मगे रडता."

मी म्हणाले, "आई, मी तिची काळजी करते म्हणून बघते."

"तांच सांगतंय."

ते मला कळायला किती दिवस लागले असते कोण जाणे, पण त्या क्षणी माझ्या हाताला कळलं. मी त्यांच्यासमोर एक कांदा उचलून पाहिला. लेक खांद्यावर पाठमोरी होती, तिला काही दिसत नव्हतं. आणि माझा श्वास माझ्याच घशात अडकला होता. मान आपोआप तिच्याकडे वळली होती. मला ते निळे ओठ दिसत होते. पोर कधीच त्यातून बाहेर आली असती. मी तिला रोज सकाळी परत मोरीत नेऊन बसवत होते. दूध पाजावं तशी भीती पाजत होते, दिवसातून दोनदा, पाळीच्या वेळेवर.

व्याख्यानातले डॉक्टर हेच म्हणाले होते. मूल आपल्या अनुभवातून जितकी भीती शिकतं, तितकीच आईच्या चेहऱ्यावरून शिकतं. नंतर चहाच्या वेळी मी त्यांना माझी हकिगत थोडक्यात सांगितली. ते भले माणूस. म्हणाले, "आजी, यात तुमचा काही दोष नाही. तुमचाही अमिग्डालाच होता ना." मी मान डोलावली, समोसा खाल्ला, बस धरून घरी आले. दोष नाही हे मला पटतं. तरी सुटल्यासारखं वाटत नाही. ज्याला सोडायचं तो न्यायाधीश माझ्याच आत बसलाय, आणि तो व्याख्यानाला आला नव्हता.

असो. पौष आला, माझा भाऊ आला. बोटीची तिकिटं काढून झाली होती. आदल्या संध्याकाळी तो भिंतीला टेकून बसला होता, लेक त्याच्या पिशवीत हात घालून खाऊ शोधत होती. आमचे हे, सासूबाई, सगळे तिथेच. मी म्हणाले, "दादा, ती येणार नाही."

"आता ह्यां काय नवीन?"

"पोरीला घरात ठेवायची असेल तर कांदा चिरताना मी घरात नको. ती नको असं नाही, मी नको. मी गिरणीत जाते."

आमचे हे उसळले. "लहान मूल टाकून? लोक काय म्हणतील?"

"गावाला पाठवलं तरी टाकणंच की हो ते."

"आणि घरातलं काम? आई एकटी करणार सगळं?"

यावर सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "आईन विचारलंन काय तुका?" आणि भाकरी उलटली. तेवढ्यावर ते बोलणं संपलं. भाऊ दुसऱ्या दिवशी एकटाच बोटीत बसला. जाताना लेकीच्या हातात खाऊ ठेवून मला म्हणाला, "बघ हां, मागे पस्तावशील." पस्तावायचं मला नवं नव्हतंच.

मैत्रिणीने तिच्या खात्यात शब्द टाकला. आधी कुणी आलं नाही की त्याच्या जागी बदली म्हणून, मग कायम. पहाटेचा भोंगा झाला की मी निघायचे. माझी पाठ वळली की सासूबाई विळी काढायच्या. पहिले काही दिवस बोळाच्या तोंडाशी उभी राहून कान द्यायचे, रडतेय का. नाही रडायची. तिथून हलताना पाय उचलत नसत. पोर रडत नाही म्हणून आईला रडू आलेलं तुम्ही पाहिलंय कधी? तसं होतं ते. गिरणीत कापसाचे तंतू नाकात जायचे, यंत्राचा आवाज डोक्यात राहायचा, आणि मला सारखं वाटायचं, माझी मुलगी आता खुशीत आहे, कारण मी तिथे नाही.

चाळीतल्या बायका बोलल्याच. "खानावळ आहे घरात, तरी सुनेला पगार हवा." सासूबाईंनी कुणालाही खरं कारण सांगितलं नाही. बदनामी मला परवडली. खरं कारण सांगायला जीभ वळली नसती.

मैत्रिणीकडे मी रविवारी जायचे. ती म्हणाली, "चिर इथे. मी बघते तुझ्या तोंडाकडे." ती समोर बसायची आणि मी चिरायचे. "श्वास सोड." "मान वळली." "आता भूत बघितल्यासारखं करू नको." शिकवणीच होती ती. हसून हसून कधी कधी आम्हाला चिरायला जमायचं नाही. किती रविवार गेले, मी मोजले नाहीत.

मग पुढच्या उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी मी सासूबाईंच्या शेजारी विळी मांडली. लेक दारात चिंचोके खेळत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. कांदा फोडला. डोळे लगेच भरून आले, मला रोजच्या कांद्याची सवय राहिली नव्हती. वास गेला तशी ती उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माझ्या गालांवरून पाणी ओघळत होतं. आता काय? आई रडतेय असंच तिला वाटणार. मी नाक ओढून म्हणाले, "कांदा गं बाय, कांदा झोंबतोय मेला." सासूबाईंचेही डोळे वाहत होते. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. तिचे खांदे वर चढले होते. मी पुढचा काप घातला. मान वळू दिली नाही.

ती सासूबाईंच्या मांडीत जाऊन बसली. माझ्या नाही. तिथून माझ्याकडे टक लावून बघत राहिली, आणि थोड्या वेळाने तिचे खांदे खाली आले. मी टोपली संपवली.

नोकरी मी सोडली नाही. एकदा लागलेला पगार कोण सोडतं, आणि मला स्वतःचा भरवसाही नव्हता. महाराष्ट्र मिळाला तेव्हा लेक शाळेत जात होती आणि तिची वेणी सासूबाई घालायच्या. ताप आला की हाक त्यांना. त्या गेल्या तेव्हा माझ्यापेक्षा ती जास्त रडली. यात मला कुणाचा राग नाही. तिने तिची आई बरोबर निवडली होती.

आता ती स्वतः सत्तरीला आली. माझी तब्येत तीच बघते. परवा माझे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी कागद तिच्या हातात दिला, काहीतरी समजावायला लागले. ती कागद वाचेना, डॉक्टरांकडेही बघेना. वळून आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी श्वास सोडला आणि म्हणाले, "वाच की. माझ्याकडे काय बघतेस?"